फूल न हलता गेलेली चाती

आई,

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडं तरी उकिडवं बसायला लागत नसेल ना? आप्पांचा खोकला बसला का? इथं होते तोवर सुताची धूळ नाकातोंडात जायची, तिकडं हवा चांगली असेल असं धरून चालते. निपाणीच्या मावशीच्या बोटांचं काय? विड्या वळून वळून तिची दोन बोटं शेवटी सरळच होत नव्हती. झाली असतील तर तिला सांग, मला बघायची आहेत. आज्जीला आता ऐकू येतं का, का अजून तुम्ही सगळे तिच्या कानाशी ओरडताय? आणि आपली ती एका शिंगाची शेळी. हसू नको, तीही तिकडंच गेली की, तिची चौकशी केली नाही तर तिला राग येईल. इथं आम्ही बरे आहोत. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा व्हायचा आहे. मुलगा कामावर जातो येतो. सून चांगली आहे, तोंडाळ आहे पण हात पुढं आहे. वडगावातलं आपलं घर अजून उभं आहे. मी एकुलती, त्यामुळं घर माझ्याकडंच राहिलं, ते तुला ठाऊकच आहे.

तू जाऊन एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पत्र का नाही असं विचारशील. तू होतीस तेव्हा मला एवढं लांब लिहिताच येत नव्हतं. चौथीतनं काढून तू मला आप्पांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलंस, तेव्हा जोडाक्षरं पुरती व्हायची होती. मग पुड्याचे कागद, सुताच्या गठ्ठ्यावरची लेबलं, देवळातल्या पाट्या असं दिसेल ते वाचत माझी मीच शिकले. अजून लिहिताना ओठ हलतात, सून बघून हसते.

लिहायचं कारण सांगते. रस्त्यातनं पाण्याची नवीन लाइन आली. आपल्या परसातल्या जुन्या पाइपचा कॉक मातीत कुठं गेलाय ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून नळवाला एक मशीन घेऊन आला. लांब दांडा, त्याला खाली ताटलीएवढं गोल चाक. ते चाक जमिनीवरनं फिरवायचं, खाली लोखंड असलं की ओरडतं. त्यानं फिरवायला सुरुवात केली आणि ते जे ओरडायला लागलं, ते थांबेचना.

“अज्जी, इल्लि नोडरी! हिकडं बगा, हितं बी वाजतंय, तितं बी वाजतंय. तुमच्या हित्तलात, ह्या परसात, काय काय पुरून ठेवलायसा?”

सून दारातनं म्हणाली, “हंडा असंल. आत्ती लई आतल्या गाठीच्या हाईत, आमाला सांगिटलं न्हाय.”

“हंडा निघाला तर मी नळाचं काम सोडतो बगा. हितंच ऱ्हातो, घरजावई म्हणून.”

“त्या जागेवर एक हुते मागं,” सून भिंतीवरच्या माझ्या मालकांच्या फोटोकडं बोट करून म्हणाली, “त्यांनी काय सुख बघितलं ते त्यांनाच इचारा.”

मीही हसले. मालक असते तर तेही हसले असते.

दुपारपर्यंत कॉक सापडला, पण त्याला बसणारा जोड दुकानात नव्हता. “शनवारी येतो, मशीन ऱ्हाऊ दे हितंच, कुठं वागवत नेऊ,” म्हणून तो गेला. मशीन भिंतीला टेकून उभं होतं. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. मग पदर खोचला, खुरपं घेतलं आणि मीच ते फिरवायला लागले. सून म्हणाली, “आत्ती, कंबर मोडून घ्याल.” मी म्हटलं, “बसून बसून मोडण्यापेक्षा बरी.”

काय काय निघालं सांगू? आपल्या घरात टाकून द्यायचं असं काही नव्हतंच. भोक पडलं की डाग, डाग गेला की शेळीला पाणी, आणि तेही होईना झालं की मग परसाचा कोपरा. पहिल्यांदा स्टोचा बर्नर निघाला, काळा, सगळी भोकं मातीनं बुजलेली. हातात घेतला आणि तू समोर बसलीस. पहाट झाली आहे, तू गुडघा पोटाशी घेऊन पिन घालतेस, पंप मारतेस, स्टो भडकतो, तू तोंड मागं घेतेस आणि त्याला शिव्या देतेस. आप्पांना कधी दिल्या नसतील तेवढ्या शिव्या त्या स्टोनं खाल्ल्या. चहा झाला की पहिला कप मागावर जायचा, दुसरा आज्जीला, आणि मला बशीत. तुझा कप मी कधी पाहिलाच नाही, तू पातेल्यातलाच प्यायचीस. त्या जर्मनच्या पातेल्याचं बूडही पुढं चार बोटांवर निघालं, दोन डागांसकट. मग आज्जीचा अर्धा अडकित्ता. आप्पा म्हणायचे तो तिनं कुत्र्यावर फेकला होता, तू म्हणायचीस आप्पांवर. मग मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्याचं एक लोखंडी टोक. त्याला अजून धार आहे, माझ्या अंगठ्याला लागलं. एकेक वस्तू मी धुऊन ओट्यावर मांडत गेले. सून म्हणाली, “बाजार मांडलाय नुसता.”

पण आई, मी हे शोधत नव्हते. मला एकच वस्तू पाहिजे होती. आपल्या रहाटाची चाती. ती वीतभर लोखंडी सळई, जिच्यावर कांडी बसवून तू आयुष्यभर सूत भरलंस. खंडेनवमीला जी नाहीशी झाली, ती. ती तिथं कशी गेली हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण ते मलाच एकटीला ठाऊक होतं.

मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी हादग्याचे शेवटचे दोन दिवस दसरा झाल्यावर आले होते. गल्लीतल्या सगळ्या मुली संध्याकाळी घरोघर फेर धरायच्या, खिरापत ओळखायच्या, आणि मी दारात बसून कांड्या भरत त्यांचं ऐकायची. खंडेनवमीला सकाळी आप्पांनी माग धुतला, धोटे, कातर, रहाट सगळं पुसून ओळीनं मांडलं, तू हळदकुंकू वाहिलंस, प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवलंस. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, काम घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत. पण कुणाच्या लग्नातल्या साड्या विणून द्यायच्या होत्या, आणि चार कांड्या कमी होत्या. दुपारी आप्पांचा डोळा लागला तशी तू रहाटावरचं फूल उचलून बाजूला ठेवलंस, चार कांड्या भरल्यास, फूल परत होतं तिथं ठेवलंस. मी बघत होते. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, “कुणाला बोलू नको हं. चारच हाईत.” मग कांड्या टोपलीत टाकत म्हणालीस, “आणि परवापास्नं गप रहाटावर बसायचं. हादगा बिदगा काय न्हाय औंदा.”

संध्याकाळी तुम्ही सगळे आरतीला गेलात. मी पोट दुखतंय म्हणाले. फूल कसं उचलायचं आणि कसं परत ठेवायचं ते तूच दुपारी मला दाखवलं होतंस. मी चाती काढली, कुंकवाला धक्का लागू दिला नाही, फूल जिथल्या तिथं ठेवलं, आणि परसात पेरूच्या झाडाजवळ खड्डा करून चाती पुरली. मला वाटलं होतं, दोन दिवस रहाट बंद राहील, हादगा संपला की मी ती हळूच काढून आणून ठेवीन. एवढंच. यापेक्षा वाईट माझ्या मनात काही नव्हतं, हे तरी खरं मान.

दसऱ्याच्या सकाळी तू रहाटासमोर उभी आहेस. आप्पा घर धुंडाळताहेत. “चोर आलता म्हणायचं काय? ताटं तांबे सोडून चाती न्हेतोय व्हय? लई हुशार चोर.” तू त्यांच्याकडं बघतही नाहीस. फुलाकडं बघतेस. मग माझा दंड धरून मला न्हाणीमागं नेलंस. तुझा हात थंड होता. “तू बघितलंस न्हवं काल? चार कांड्या भरल्या मी. फूल हललं न्हाय, कुंकू पुसलं न्हाय, आणि चाती गेली. देवीनं न्हेली गं. माझ्या हातानं झालं.” माझ्या नखांत माती होती. मी हात पाठीमागं धरले. तू चोर म्हणाली असतीस, मला बडवलं असतंस, तर मी बोलले असते. तू देवीचं नाव घेतलंस, आणि मला तोंडच उघडता येईना.

आप्पांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शेजारच्या मागवाल्याकडनं जुनी चाती आणली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रहाट सुरू झाला. मला हादग्याची एक संध्याकाळ मिळाली. खिरापत काय होती ते आता आठवतही नाही. मी चाती काढायला गेले, तर नवं न्हाणीघर बांधणाऱ्या गवंड्यानं सगळा राडारोडा त्याच जागेवर ओतला होता. मग ती सापडली नाही.

त्या दसऱ्याला तू कडाकणी खाल्ली नाहीस. देवीसमोर टांगलेल्या कडाकण्या तूच लाटल्यास, तळल्यास, आम्हाला वाटल्यास, आणि स्वतः तोंडात घातली नाहीस. आम्हाला वाटलं पोट बरं नसेल. दुसऱ्या वर्षीही नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. आज्जीनं एकदा विचारलं तर म्हणालीस, “मला तळकट सोसत न्हाय आता.” तुला तळकट सोसत नाही! निपाणीला मावशीकडं गेल्यावर भजी कोण संपवायचं ते मला ठाऊक नाही का?

आणि पूजा. पुढच्या खंडेनवमीला सगळं मांडून झालं, आणि तू तुझी कुंकवाची डबी माझ्या हातात दिलीस. ती पत्र्याची, झाकणावर मोर असलेली. “ही तुझी आता. पूजा तू करायची. माझा हात बाटलाय, तुझा हात चांगला हाय.” आप्पांसमोर, आज्जीसमोर म्हणालीस. आणि स्वतः उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिलीस. मी प्रत्येक हत्याराला बोट लावत गेले, रहाटापाशी आले तेव्हा बोट मागं घेऊन परत डबीत घातलं. तू बाहेरनं म्हणालीस, “नीट लाव गं, घाबरू नको. देवी तुला काय करत न्हाय.”

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मी म्हटलं होतं की मी पूजा करणार नाही, तुझं तू कर. तू आयुष्यात माझ्यावर आवाज चढवलास तो त्या एकाच दिवशी. “चांगला हात मिळालाय तर मागं घ्यायचा न्हाय! माझ्यागत उंबऱ्याभाईर हुभं ऱ्हायची येळ आली म्हंजे कळंल.” मी गुपचूप डबी उचलली. पुढं पॉवरलूम आले, आप्पांचा माग मोडला, मागाचा खड्डा बुजवला, रहाट बंबात गेला. पूजेला कातर, विळी आणि माझ्या मालकांची सायकल एवढंच उरलं. तरी तू दर वर्षी उंबऱ्याबाहेरच.

तुझे शेवटचे दिवस दसऱ्यानंतरच आले. मधल्या खोलीत तू भिंतीकडं तोंड करून पडलेली असायचीस. मी कडाकणीचा तुकडा दुधात भिजवून तुझ्या ओठाशी नेला. तू तोंड मिटलंस, मान हलवलीस. “मला न्हाय चालत.” मग डोळे उघडलेस. “एक सांग. देवीनं माफ केलं असंल काय गं मला?”

“केलंय की कवाच,” मी म्हटलं.

“तुला कसं ठावं?”

आई, सगळं उत्तर माझ्या तोंडात होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुझी वाकळ सारखी केली, ती सारखीच होती, आणि म्हटलं, “झोप आता.” तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

चाती शुक्रवारी दुपारी निघाली. हातभर खोल. आधी वाटलं मूळ आहे, मग तिचं एक टोक दिसलं, किंचित वाकडं, आप्पांनी दगडावर ठोकून सरळ केलेलं आणि तरी पूर्ण सरळ न झालेलं. मी मातीतच बसले. सून धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली.

“काय हाय आत्ती ते? सळई? द्या हिकडं, भंगारात टाकू.”

मग मी तिला सांगितलं. तुला जे सांगितलं नाही ते तिला, तिथंच मातीत बसून, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, “येवढंच? अवो, न्हानगं पोर हुता तुमी. कोण धरतंय मनात आता?” चांगल्या मनानंच म्हणाली. तिनं मला एका वाक्यात माफ करून टाकलं. पण तिचं काय गेलं होतं माफ करायला? चौतीस दसरे उंबऱ्याबाहेर ती उभी नव्हती.

मी चाती राखेनं घासली, रॉकेलनं पुसली. गंज आत गेलाय, निघत नाही. देव्हाऱ्यात ठेवायचं धाडस झालं नाही, भंगारात टाकवली नाही. आत्ता ती माझ्यासमोर खिडकीत आहे.

आता खरं ते लिहिते, कारण वर एक खोटं लिहून गेले आहे, आणि ते खोडून टाकावं की काय असा विचार करत मघापासनं पेन हातात धरून बसले होते. गवंड्यानं राडारोडा ओतला होता, पण चार दिवसांत उचललाही होता. जागा मला कायम ठाऊक होती. पेरूच्या बुंध्यापासनं भिंतीकडं दोन पावलं. पेरू गेला, तरी त्याचा खुंट राहिला. मी तिथं कपडे वाळत घातले, माझ्या पोराला तिथं उन्हात न्हाऊ घातलं. कुठल्याही दिवशी दहा मिनिटांत काढता आली असती. भीतीनं काढली नाही असं म्हणावं, तर पहिल्या वर्षी ते खरं होतं. पण नंतर तू सगळ्यांसमोर माझा हात चांगला म्हणालीस. मला तसं आधी कुणी म्हटलं नव्हतं. मी कांड्या सैल भरणारी, सूत तोडणारी, शाळेतनं काढलेली पोरगी होते. वर्षातनं एक दिवस सगळं घर थांबून माझ्या बोटाकडं बघायचं. ते मला सोडवेना. तू बाहेर उभी राहिलीस म्हणून मी आत होते, हे मला कळत होतं, आणि तरी सोडवेना. तुझ्या शेवटच्या दिवसांतही मी तेच जपलं. आणि ह्या वेळीही, आई, दोन दिवस मी ते मशीन सगळ्या परसात फिरवलं, बर्नर काढला, पातेल्याचं बूड काढलं, अडकित्ता काढला, फक्त त्या दोन पावलांत नेलं नाही. शनिवारी नळवाला मशीन घेऊन जाणार म्हणून शुक्रवारी नेलं.

तुझ्या चार कांड्यांनी काही झालं नव्हतं. देवीनं काही नेलं नव्हतं. तुझा हात तसाच होता, जसा स्टो पेटवणारा, माझं डोकं विंचरणारा. एवढं एकच वाक्य तुला सांगायचं होतं, आणि ते लिहायला मला एवढी पानं लागली.

हे पत्र पेटीत टाकायचं तर वर पत्ता काय घालू? म्हणून वहीतच राहील, किराणाच्या याद्यांच्या मागच्या पानांवर. तरी उत्तर दे. तुला लिहिता येत नाही, तू आप्पांकडून लिहून घेशील, म्हणजे त्यांना सगळं सांगावं लागेल. सांग. पोरीनं केलं म्हणून सांग, माझ्यावर पांघरूण घालू नको. आणि लवकर लिही. मी आता चौऱ्याहत्तरची आहे, तिकडं यायच्या आधी तुझा राग मला कळलेला बरा.